सौरवादळं आणि आपला किनारा : व्याख्यानांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत शाळांत, वाचनालयांत, देवळांच्या सभामंडपांत आणि मच्छीमार सोसायट्यांच्या हॉलमध्ये आम्ही सौरवादळांवर बोलतो. मे २०२४ च्या मोठ्या वादळानंतर बोलावणी वाढली आणि प्रश्नही वाढले. बोलणं तासाभरात संपतं, प्रश्न मात्र शेवटची एसटी चुकेपर्यंत चालतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत.

सौरवादळ म्हणजे काय? निसर्ग चक्रीवादळासारखंच का?

नाही. ३ जून २०२० ला ज्यांच्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली आणि पुढे कितीतरी दिवस घरात वीज नव्हती, त्यांना 'वादळ' हा शब्द नुसता ऐकला तरी पोटात गोळा येतो. म्हणून हा गैरसमज आम्ही सर्वांत आधी दूर करतो. सौरवादळात वारा नसतो, पाऊस नसतो, समुद्र खवळत नाही. जे घडतं ते आपल्या डोक्यावर शेकडो-हजारो किलोमीटर उंचीवर, आणि डोळ्यांना न दिसता.

सूर्यावर जिथे चुंबकीय क्षेत्र गुंतून पिळलं जातं तिथे काळे डाग दिसतात. हा पीळ एकाएकी सुटला की तीन गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे ज्वाला, क्ष-किरणांचा आणि अतिनील किरणांचा झोत. दुसरी, प्रचंड वेगाने सुटलेले प्रोटॉन. तिसरी, सूर्याच्या प्रभामंडलाचा, म्हणजे बाहेरच्या तप्त वातावरणाचा, एक लोट सुटून अवकाशात फेकला जाणं. त्याचं वजन शंभर कोटी टनांच्या घरात असू शकतं आणि तो स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन निघतो. शास्त्रज्ञ त्याला सीएमई म्हणतात, आम्ही व्याख्यानात 'ढग' म्हणतो. पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर हा ढग आदळून जी उलथापालथ होते ते भूचुंबकीय वादळ. रोजच्या बोलण्यातलं सौरवादळ बहुतेक वेळा हेच असतं.

'तां वादळ इला तर होडी वर काढूची लागतली काय?'

मालवणच्या बाजूला हा प्रश्न हमखास येतो. नाय, होडी वर काढायची काहीच गरज नाही. बंदरावर लागणारा बावटा हवामान खात्याच्या इशाऱ्याचा असतो, त्याच्याशी सौरवादळाचा संबंध नाही. बोटीवरच्या जीपीएसशी मात्र आहे, ते पुढे सांगितलं आहे.

सूर्यावर स्फोट झाल्यापासून आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो?

तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी पोचतात. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. ज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण ८ मिनिटं २० सेकंदांत येतात, म्हणजे ज्वाला दिसते तेव्हाच तिचा परिणामही सुरू झालेला असतो. त्याची आगाऊ सूचना कुणालाच देता येत नाही. प्रोटॉनना काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. ढग बहुधा एक ते तीन दिवस घेतो, अगदी वेगवान असेल तर पंधरा-अठरा तासांत येतो.

एवढी सवड असूनही नेमका अंदाज का देता येत नाही, असं शाळेतली मुलं विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ढग निघालेला दिसतो, वेगही मोजता येतो, पण त्याच्या पोटातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा लांबून कळत नाही. ती उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं कवच त्याला बरंचसं बाजूला सारतं. दक्षिणेकडे असेल तर त्याच्या आणि आपल्या चुंबकीय रेषा एकमेकींना जोडल्या जातात आणि दार उघडावं तशी ऊर्जा आत शिरते. ही दिशा कळते ती ढग पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या यानांवरून जातो तेव्हा. मग हातात उरतात पंधरा मिनिटं ते तासभर. चक्रीवादळाची चाहूल हवामान खातं काही दिवस आधी देतं. इथे खात्रीची सूचना तासाभराची.

आकाशातला तो लाल-हिरवा प्रकाश कोकणातून दिसेल का?

जवळजवळ नाहीच. ध्रुवीय प्रकाश चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात दिसतो आणि मोठ्या वादळात तो पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथून उत्तरेच्या क्षितिजालगत लालसर झाक टिपली गेली. हानले आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला आणि उंचावर आहे. इकडे त्या रात्री 'किनाऱ्यावरून दिसला' म्हणून जे फोटो फिरले, त्यातले आमच्यापर्यंत आलेले सगळे परदेशातले तरी होते किंवा सूर्यास्ताचे.

पण 'कधीच नाही' असंही आम्ही म्हणत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात हा प्रकाश मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. तेव्हा शहरात विजेचे दिवे नव्हते आणि उत्तरेचं आकाश खरोखर काळं होतं.

म्हणजे आपल्याकडे सौरवादळाचं काहीच होत नाही?

हा प्रश्न आला की आम्हाला मनापासून आनंद होतो, कारण आमचं निम्मं व्याख्यान याच उत्तरासाठी आहे. प्रकाश उत्तरेकडच्यांना दिसतो, पण वादळाची नाडी आपल्या अक्षांशांवर फार स्वच्छ सापडते.

वादळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर उंचीवर, विद्युतभारित कणांचं एक वलय फिरू लागतं. त्या वलयातल्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असतं, त्यामुळे जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्राचं उत्तर-दक्षिण आडवं बल घटतं. ध्रुवांजवळ इतर प्रवाहांचा इतका गोंधळ असतो की ही घट वेगळी काढणं अवघड जातं. आपल्या पट्ट्यात ती आलेखावर उघड दिसते : आधी एक छोटी उडी, मग खोल दरी, मग दिवसचे दिवस हळूहळू भरत जाणारा चढ.

आता कुलाब्याची गोष्ट. मुंबईच्या दक्षिण टोकाला १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय मोजमापं सुरू झाली. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीने सूर्याचे डाग कागदावर उतरवत होता. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास एका डागांच्या समूहावर त्याला दोन झगझगीत पांढरे ठिपके दिसले, आणि पाचएक मिनिटांत ते विझले. माणसाने नोंदलेली ही पहिली सौरज्वाला. त्यानंतर साडेसतरा तासांत ढग पृथ्वीवर आदळला. तारायंत्रांच्या ऑपरेटरना झटके बसले, अमेरिकेत काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही तारायंत्रं नुसत्या वादळाने तारांत आणलेल्या प्रवाहावर चालली, क्युबापर्यंत आकाश लाल झालं.

युरोपातल्या उपकरणांचे आलेख मापाबाहेर गेले, म्हणजे वादळ नेमकं किती खोल होतं हे त्यांच्याकडून कळायला मार्ग उरला नाही. कुलाब्याला मात्र माणसं दुर्बिणीतून मोजपट्टी वाचून आकडे हाताने लिहीत होती, आणि वादळ सुरू झाल्यावर त्यांनी वाचनं थोड्या थोड्या मिनिटांनी घेतली. २ सप्टेंबरला, भर दिवसा, आडवं बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकीय क्षेत्र मोजायचं हे एकक) घसरल्याचं त्या वहीत आहे. मे २०२४ च्या वादळाची जागतिक सरासरी घट ४०० च्या आसपास होती, यावरून अंदाज करा. २००३ मध्ये भारतीय, अमेरिकी आणि ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी मिळून हे आकडे पुन्हा जगासमोर मांडले आणि कॅरिंग्टनच्या वादळाला पहिल्यांदा भरवशाचं माप मिळालं. ती सगळी घट वलयाच्या प्रवाहामुळेच होती का, यावर अजून वाद चालू आहे. तासाची सरासरी काढली तर आकडा बराच खाली, हजाराच्या आसपास येतो. पण वाद घालायला आकडे आहेत ते कुलाब्याच्या वहीमुळे.

त्या वेळी पाऊसकाळ संपला नव्हता. दमट खोलीत, दिव्याच्या उजेडात, हे कशाचं चिन्ह आहे ते माहीत नसताना कुणीतरी नेमाने आकडे लिहीत राहिलं. व्याख्यानात हा भाग आम्ही कधीच घाईने सांगत नाही.

मग वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला का आली?

ट्रामसाठी. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेवरच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जातो आणि त्यातला काही जमिनीत झिरपतो. सूर्याची कुजबुज ऐकायला बसलेल्या उपकरणांशेजारी तो अखंड गोंगाट झाला असता. त्या वेळचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला : मुंबईच्या पुरेशी जवळ, म्हणजे जुन्या नोंदींशी दुवा तुटणार नाही, आणि ट्राम पोचणार नाही इतकी दूर. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेऊन आकडे ताडून पाहिले गेले, आणि मगच कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. अलिबागच्या इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड टाळलं. आपल्याकडचा काळा पाषाण स्वतःच थोडा चुंबकीय असतो, म्हणून तो चालण्यासारखा नव्हता.

१८४१ पासून जवळजवळ सलग चालत आलेली ही मालिका आहे. आज ती नवीन पनवेलच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जिओमॅग्नेटिझमकडे आहे. अलिबागच्या समुद्रावर दरवर्षी इतकी माणसं येतात, कुलाबा किल्ल्यात जातात, घोडागाडीत बसतात, आणि हाकेच्या अंतरावर काय आहे हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. आम्हाला याची खंत वाटते.

ती वेधशाळा आत जाऊन पाहता येते का?

तिथे रोज काम चालतं, ते पर्यटनस्थळ नाही. शाळेची सहल न्यायची असेल तर शिक्षकांनी आधी लेखी परवानगी मागावी. परवानगी मिळालीच तर मोजमापाच्या खोल्यांजवळ मोबाईल, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल यांबद्दल सांगतील ते निमूट ऐकावं.

आम्ही मासेमारीला जातो. जीपीएसवर विसंबावं की नाही?

विसंबा, पण एकट्या त्याच्यावर नको.

जीपीएसचा संदेश उपग्रहापासून बोटीपर्यंत येताना आयनांबरातून येतो. हा वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर. तिथे संदेशाला थोडा उशीर होतो आणि यंत्र तो उशीर ठरावीक अंदाजाने वजा करतं. वादळात थर बिघडतो, अंदाज चुकतो, आणि साध्या यंत्रावर जागा काही मीटर, कधी दहा-वीस मीटर किंवा त्याहून जास्त सरकलेली दिसू शकते. खोल पाण्यात याने काही बिघडत नाही. खाडीच्या तोंडाशी, खडकाळ भागात रात्री शिरताना बिघडू शकतं.

आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट उत्तरेकडच्या देशांपेक्षा वेगळी आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. म्हणूनच केरळमधली थुंबा ही जागा अग्निबाण सोडायला निवडली गेली आणि १९६३ मध्ये तिथून पहिला अग्निबाण सुटला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ पोकळ्या तयार होऊन वर चढतात, पाण्यातून हवेचे बुडबुडे वर यावेत तशा. त्यातून येणारा संदेश चांदणी लुकलुकावी तसा लुकलुकतो आणि यंत्र एखाददुसरा उपग्रह हरवून बसतं. डाग जास्त असलेल्या वर्षांत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, रात्री आठ ते मध्यरात्र ही त्याची वेळ. यासाठी सौरवादळ लागतही नाही. वादळ कधी या पोकळ्या वाढवतं, कधी दाबून टाकतं.

एका तांडेलांनी आम्हाला सांगितलं, 'संध्याकाळचं यंत्र कधी कधी उगाच भटकतं, आम्ही समजायचो बॅटरी उतरली.' बॅटरीच असेलही. पण पुढच्या वेळी असं झालं तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, अशी आम्ही प्रत्येक बंदरावर विनंती करतो.

उपाय जुनेच आहेत. होकायंत्र बोटीवर असू द्या. भूचुंबकीय वादळाने त्याची सुई आपल्या भागात डोळ्यांना कळण्याइतकी हलत नाही. किनाऱ्यावरचं देऊळ, दीपगृह, डोंगराचा सुळका जुळवून जागा ओळखायची वडिलांची रीत पोरांना शिकवून ठेवा. आणि ध्रुव तारा : तो क्षितिजापासून जितके अंश वर, तितका आपला अक्षांश. रत्नागिरीहून तो जेमतेम १७ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या पावणेदोन मुठींवर असतो. पावसाळ्यात तो दिसत नाही हे खरं, पण तेव्हा बराच काळ मासेमारीही बंद असते.

बोटीवरचा वायरलेस बंद पडेल का?

किनाऱ्याजवळच्या बोटींवरचे व्हीएचएफ संच सरळ रेषेत बोलतात. आयनांबरावर त्यांचं काम अवलंबून नाही, त्यामुळे १६ नंबरचा चॅनल चालूच राहतो. फटका बसतो तो आयनांबरावरून परावर्तित होऊन लांब जाणाऱ्या लघुलहरींना. मोठी ज्वाला झाली आणि आपल्याकडे दिवस असला तर त्या पाच-दहा मिनिटांपासून दोनेक तासांपर्यंत दबतात.

वीज जाईल का?

सौरवादळामुळे कोकणातली वीज जाण्याची शक्यता फार कमी आहे. झाडाची फांदी तारेवर पडून ती कैक पटींनी जास्त वेळा जाते.

१३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख माणसं सुमारे नऊ तास अंधारात होती. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं की जमिनीत विद्युतप्रवाह निर्माण होतात. तिथला खडक वीज सहज वाहू देत नाही, म्हणून तो प्रवाह लांब वाहिन्यांतून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरला. शिवाय क्वेबेक ध्रुवीय पट्ट्याच्या जवळ. आपण त्या पट्ट्यापासून खूप दूर. तरीही निर्धास्त राहू नये, कारण २००३ च्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेत काही मोठे ट्रान्सफॉर्मर निकामी झाले, आणि तो देशही ध्रुवाजवळ नाही. ही काळजी वीजजाळं चालवणाऱ्या अभियंत्यांनी करायची आहे. आपण घरचा फ्रीज बंद करून काही साधत नाही.

'इंटरनेट काही महिने बंद पडणार' हे खरं आहे का?

या बातमीचं मूळ २०२१ मधल्या एका शोधनिबंधात आहे. समुद्राखालच्या लांब केबलींवर ठरावीक अंतरावर संदेश वाढवणारी यंत्रं असतात आणि त्यांना केबलीतूनच वीज पुरवली जाते. अतितीव्र वादळात ती बिघडू शकतील का, असा तो प्रश्न होता. धोका जास्त दाखवला होता तो उत्तरेकडून जाणाऱ्या केबलींना. मुंबईला लागणाऱ्या अनेक केबली कमी अक्षांशांतून जातात. बातम्यांत प्रश्नाचं भाकीत झालं, आणि भाकिताला तारीखही चिकटली. ती तारीख कुणाही शास्त्रज्ञाने दिलेली नव्हती.

शरीरावर काही परिणाम? गरोदर बाईने बाहेर जावं का? अन्न झाकून ठेवावं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा आजी विचारतात, कार्यक्रम संपल्यावर, हळू आवाजात. त्यामागे लेकीसुनेची काळजी असते, म्हणून उत्तर आम्ही नीट देतो.

आजी, आपल्या डोक्यावर हवेचं जे ओझं आहे ते सुमारे दहा मीटर पाण्याच्या थराएवढं आहे. खोल विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे आपण आत सुरक्षित आहोत. त्यातून सौरवादळाचे कण आपल्यापर्यंत, म्हणजे जमिनीवरच्या माणसापर्यंत, त्रास होईल असे पोचत नाहीत. गरोदर बाईने जावं, यावं, जेवावं, झोपावं. अन्न झाकायचं ते माश्यांसाठी.

धोका असतो अंतराळवीरांना आणि काही प्रमाणात ध्रुवावरून उडणाऱ्या विमानांना. ऑगस्ट १९७२ मध्ये एक प्रचंड वादळ आलं, अपोलो १६ परतल्यावर आणि अपोलो १७ निघण्याआधी. तेव्हा कुणी चंद्रावर नव्हतं हे नशीब. त्याच वादळात व्हिएतनामच्या समुद्रात पेरलेले चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले, कारण जहाज वरून गेल्यासारखा चुंबकीय बदल त्यांना जाणवला.

विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, हे तुम्ही का सांगत नाही?

देवगड तालुक्यात हे विचारलं जातं आणि कधी थोडं रागानेही. आम्ही जे पुराव्याने सांगता येतं तेच सांगतो.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन तेव्हा गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहणाशिवायही पाहता येईल, हे त्याच्या तिथे ध्यानात आलं. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. ऑक्टोबरमध्ये त्यानेही स्वतंत्रपणे तीच पद्धत साधली आणि तिथूनच ती पिवळी रेषा पाहिली, जी पुढे हेलियमची ठरली. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला.

मग विजयदुर्ग कुठे आला? लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश नौदलाच्या मेल्पोमीन जहाजावरचे खलाशी त्याच्या मदतीला होते आणि उपकरणं किल्ल्यावर मांडली होती. गडावर साहेबाच्या नावाने ओळखले जाणारे ओटे आहेत, ते याच आठवणीचे. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणं एक झाली.

यात गावाचा मान कमी होत नाही, असं आम्हाला अगदी मनापासून वाटतं. सौरवादळं जिथून निघतात तो प्रभामंडल त्या काळी फक्त खग्रास ग्रहणाच्या मोजक्या मिनिटांत दिसायचा. तेवढ्यासाठी माणसं अर्धी पृथ्वी ओलांडून यायची, आणि १८९८ मध्ये त्यांनी निवडलेल्या जागांपैकी एक विजयदुर्ग होती. दरवर्षी १८ ऑगस्टला गडावर जागतिक हेलियम दिन साजरा होतो. त्याच्या जोडीला २२ जानेवारीही पाळावी, अशी आमची गावाला विनंती आहे. आणि जानेवारीत आकाशही मोकळं असतं.

आदित्य एल-१ चा यात काय उपयोग?

तो प्रभामंडल आता रोज पाहता यावा म्हणून ते यान आहे. व्हीईएलसी या उपकरणात सूर्याची तबकडी झाकणारी चकती आहे, म्हणजे कायमचं कृत्रिम ग्रहणच. यान २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. सात उपकरणांपैकी अतिनील प्रकाशात सूर्याचे फोटो काढणारी सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरणही त्यावर आहे, वर सांगितलेली ढगाची दिशा ओळखायला तेच लागतं. आणि निघण्याची तारीख पाहा : कुलाब्याच्या त्या नोंदीला त्या दिवशी बरोबर १६४ वर्षं झाली होती.

डाग स्वतः पाहता येतात का?

येतात, पण उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे कधीही बघू नका. काजळी लावलेली काच, एक्स-रेची फिल्म, पाण्यातलं प्रतिबिंब, काहीही वापरू नका. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा चालतो. मे २०२४ मधला डागांचा समूह पृथ्वीच्या सुमारे १५ पट रुंद होता आणि तो अशा चष्म्यातून साधा दिसत होता. दिवसाच्या कार्यक्रमात आम्ही दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडतो, ती पन्नास जण एकदम बघू शकतात.

कौलांच्या फटीतून पडवीत पडणारा गोल कवडसा, माडाच्या झावळांतून खळ्यात सांडणारे गोल ठिपके, हीदेखील सूर्याचीच चित्रं आहेत. त्यात डाग दिसण्याइतका बारकावा नसतो, पण मुलांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हाचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मोबाईलच्या होकायंत्रावर वादळ दिसेल?

अलिबागला आडवं बल सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. मे २०२४ सारख्या वादळात ते एखाद्या टक्क्याने घटतं. मोबाईलमधला संवेदक तेवढं कसंबसं टिपू शकेल, पण शेजारून स्कूटर गेली तरी त्याहून मोठा बदल दिसतो. ट्राम टाळायला वेधशाळा खाडीपलीकडे का न्यावी लागली, ते हा प्रयोग करून पाहिला की लगेच समजतं.

'रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, वैश्विक किरण येणार' असा मेसेज आला आहे. पुढे पाठवू का?

नको. हा मेसेज बरीच वर्षं फिरतो आहे. वैश्विक किरण दिवसरात्र सगळीकडून येतच असतात, त्यांची ठरलेली वेळ नसते, एवढा विचार पुरे.

व्याख्यान आमच्या गावात ठेवायचं असेल तर?

मानधन घेत नाही. प्रवासाचा खर्च गावाने दिला तर घेतो, नाही दिला तरी येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ, कारण बोलण्यानंतर दुर्बीणही लावता येते. जून ते सप्टेंबर नुसतं व्याख्यान होऊ शकतं. शिमग्याच्या आणि गणपतीच्या दिवसांत ठेवू नका, माणसं घरी असतात पण मोकळी नसतात. पाचवीपुढच्या मुलांना समजेल असं बोलतो, लहानांनीही यायला हरकत नाही. भाषा साधी मराठी, सिंधुदुर्गात मालवणी. वीज गेली तरी कार्यक्रम थांबत नाही, आम्ही बॅटरीवरचा प्रोजेक्टर आणतो. सतरंज्या आणि पांढरी चादर एवढी सोय तुमची. अंगणातला मोठा दिवा बंद करायची परवानगी मात्र आधी घेऊन ठेवा.

१८५९ सारखं वादळ पुन्हा आलं तर कोकणात नेमकं काय होईल?

असं वादळ शक्य आहे. २३ जुलै २०१२ ला तशाच ताकदीचा ढग सूर्यावरून निघाला होता, पण पृथ्वीच्या दिशेने नाही. तो एका अमेरिकी यानावरून गेला म्हणून त्याची मोजमापं मिळाली. डागांचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं असतं. चालू चक्राचा भर २०२४ च्या आसपास येऊन गेला, तरी मोठी वादळं भर ओसरतानाही येतात.

समजा दिवसा मोठी ज्वाला झाली. आठ मिनिटांत लघुलहरींचे रेडिओ मुके होतील, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. दुसऱ्या दिवशी ढग येईल. जीपीएस भटकू लागेल. उपग्रहांवर चालणाऱ्या काही सेवा अडखळतील. वातावरणाचा वरचा थर फुगल्याने खालच्या कक्षेतले उपग्रह घासले जातील. फेब्रुवारी २०२२ मध्ये अगदी साध्या वादळात स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ४० पर्यंत उपग्रह असेच गेले होते. उत्तरेकडच्या देशांत वीजजाळी कोसळली तर त्याची झळ व्यापारातून आणि बातम्यांतून आपल्यापर्यंत येईल. होड्या धक्क्याला असतील तशाच असतील, विहिरीचं पाणी तसंच असेल. रात्र निरभ्र असली आणि गावातले दिवे विझवले, तर उत्तरेला क्षितिजालगत, १८७२ मध्ये मुंबईकरांनी पाहिली तशी लाली कदाचित आपल्यालाही दिसेल.

आणि अलिबागला आलेखाची रेघ आधी जराशी उसळेल, मग खाली जाऊ लागेल. कुलाब्याच्या वहीतल्या त्या १,६०० च्या आकड्याशेजारी मांडायला तेव्हा दुसरा आकडा मिळेल, आणि तोही याच किनाऱ्यावर मोजलेला असेल.